कोऱ्या अर्ध्या पानाखालची सही

१५ ऑगस्ट २००६
झेंडा, मग ग्रामसभा. सरपंच झाल्यापासून माझी दुसरी. ग्रामसेवक भाऊसाहेबांना पौडची एसटी गाठायची घाई. इतिवृत्ताच्या वहीत अर्धं पान कोरं. "ताई, खाली सही करून ठेवा, ठराव मी सवडीनं उतरवतो." केली. नेहमीचंच.

२८ ऑगस्ट
धरणाच्या पाण्याकडं उतरणाऱ्या वाटेवर सिमेंटचे खांब! म्हशी अडल्या, बाया धुण्याच्या बादल्या घेऊन उभ्या. खांब रोवणारा मुकादम म्हणाला, "पंचायतीचा ठराव हाय. सरपंचांची सही हाय." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "खोटं बोलतोय मेला."

२९ ऑगस्ट
कार्यालयात जाऊन वही उघडली. अर्धं पान भरलंय. सभेत झालेले सात ठराव, आणि त्यांच्याखाली ठराव क्र. ८: गायरानातली वाट बंगल्यांच्या प्रकल्पाला द्यायला हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही, ठसठशीत. अगं पण असा ठराव कुणी मांडलाच नव्हता!
भाऊसाहेब चहा पीत होते. "सही तुमची, ताई. बोभाटा केलात तर आधी तुम्हीच आत जाल."
वही मिटली. तशीच घरी आले.

३ सप्टें.
ह्यांना सांगितलं. आधी उठून दार लावलं. मग, "गप ऱ्हा. त्या बंगलेवाल्यांची उठबस कुनासंगं हाय, ठावं हाय का तुला?"
जेवण जात नाही. दारात गाडी थांबली की आधी खिडकीच्या फटीतून बघते. आज दूधवाल्याची होती.

१२ सप्टें.
निवडणुकीत ह्यांची सोनाआत्या माझ्यासाठी घरोघर फिरली. "आमची सून शिकलेली हाय, तिला कुनी फसवनार न्हाई." आज तीच विचारते, "कुनी क्येली गं सही?"
म्हटलं, ठाऊक नाही. आत्याशी खोटं बोलले. लाज वाटली, पण भीती लई जास्त.

२६ सप्टें.
दवंडी झाली. दोन तारखेला ग्रामसभा. मागचं इतिवृत्त सरपंचांनी वाचायचं, सभेनं कायम करायचं. कायम झालं की वाट गेलीच. शिपायाच्या तोंडी भाऊसाहेबांचा निरोप: "सात ठराव वाचा आन् 'कायम' म्हना. कोन मोजतंय?"
खरंय. मागच्या खेपेला मी दोनच वाचले होते, सगळ्यांनी हात वर केले.

२ ऑक्टो., सकाळ
हे म्हणतात, "पोरींचा तरी इचार कर." तोच करतेय की! उन्हाळ्यात विहीर आटल्यावर हंडे घेऊन कुठून उतरायचं त्यांनी?
आठवा ठराव कागदावर उतरवून घेतलाय, वही ऐनवेळी हातात दिली नाही तर असावा म्हणून. चार वेळा मनात वाचला.
सोनाआत्या आत्ताच पुढं गेली, पहिल्या रांगेत बसायला. दारातून ओरडून गेली, "मोठ्यानं वाच गं, मला ऐकू येत न्हाई."
सात तर वाचीन. आठव्याला आवाज फुटेल का, देव जाणे.