पोटुशी घरात असताना खिळा

पौष शु. ३, कळमनुरी
बाळंतपणाला माहेरी आले ते चुकलंच. एकच लांबलचक खोली. पुढं बाबांचं औषधपाणी, मागं चूल, मधी मी पोट घेऊन. सकाळपासून खोकणारे गडी येऊन बसतात अन् टकमक बघतात. पाय लांब करून निजायची सोय न्हाई. आई म्हणाली, "तुळईवरून पडदा सोडू." तिचं जुनं लुगडं काढलं. लढाईपायी नवं कापड कुठलं!

शु. ४
दादा खिळे-हातोडी घेऊन खाटेवर चढला, तोच आत्या ओरडली, "उतर मेल्या! पोटुशी घरात असताना खिळा ठोकतात व्हय? लेकराला लागंल!" उतरला. बाबा एवढे वैद्य, तेही मान खाली घालून खल कुटत बसले.

शु. ७
दादानं बांबू उभे करून दोरी ताणली. दुपारी बांबू, दोरी, लुगडं सगळं शिरड शहापूरच्या एका म्हाताऱ्यावर. आत गुरफटून "मेलो, मेलो" करून राहिला. आधी हसू आवरेना, मग रडू.

शु. ११
म्हटलं, शेजारी चाचींकडं जाऊन बसते, तेवढ्यात ठोका. चाची तयार. आत्या न्हाई. मी म्हटलं, "लेकरू माझ्या सासरचं, गोरेगावचं, तुळई कळमनुरीची. काहून लागंल?" तर म्हणे, "पोट तर हितंच मुक्कामाला उतरलंय ना?"
दादाची बायको तेवढी माझ्या बाजूची. मी आडवी झाले की पदर पसरून आडोसा करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, बिचारीची कूस उजवली न्हाई. तरी माझ्यावर राग न्हाई.

वद्य २
पोरगी झाली. बाहेर रोगी दार वाजवून राहिलेले, "वैद्यबुवा, वैद्यबुवा!" वहिनी दोन्ही हातांनी लुगडं ताणून उभी. हात भरून आले, पण सोडलं न्हाई.

माघ शु. २
बारसं झालं. आता आत्याची हरकत न्हाई. दादानं एक खिळा ठोकला, दुसरा वाकला. सरळ करून राहिला, तेवढ्यात वहिनी चुलीपासून उठून बाहेर पळाली. ओकली. आईनं आत्याकडं बघितलं. आत्या दादाला म्हणाली, "आण ती हातोडी हिकडं." अन् टाकली ज्वारीच्या कणगीत!

शु. ५
लुगडं एका खिळ्याला लोंबून राहिलंय. अर्धी मी झाकलेली, अर्धी उघडी. रोगी आता पडद्याचीच विचारपूस करतात. डोकं फुटायचं बाकी आहे.
वहिनी हळूच म्हणाली, "खरंच असंल का हो, वन्सं? मागं एकदा असंच वाटलं होतं."
"असंल," म्हटलं.
दुपारी लेकराला पाजायला बसले, तर ती सवयीनं दुसरं टोक धरायला आली. म्हटलं, "वहिनी, तुमी निजा आता." पहिल्यांदाच ऐकलं माझं. पोरगी मांडीवर, वहिनी पाठीमागं आडवी, अन् लुगड्याचं टोक धरून मी बसलेली. आत्या येऊन बघून गेली.
मेला खिळा. धरते मीच.