खुर्चीवरचा चेहरा

९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू मजेत असणार. इथली बातमी चांगली नाही. आपल्या गल्लीच्या टोकाचा दवाखाना नगरपालिका बंद करणार आहे, आणि त्या जागी गाड्या उभ्या करायची सोय होणार आहे. आम्ही समिती काढली. बेकरीवाल्या काकू अध्यक्ष झाल्या, कारण त्यांचा आवाज मोठा आहे. मी आहे, कारण शिवणाच्या कारखान्यात माझी दुपारची पाळी असते आणि सकाळी मी रिकामी सापडते.

परवा वार्ताहर आला. प्रत्येकानं आपापलं गाऱ्हाणं मांडलं. कुणी औषधांचं, कुणी गटाराचं, एका आजोबांनी तर जावयाचं. वार्ताहरानं पेन खिशात टाकलं आणि निघून गेला. काकू म्हणाल्या की तुझा भाऊ जाहिराती लिहितो ना, त्याला विचार. तू ऐन थंडीत लोकांना पंखे विकतोस, तेव्हा आम्हालाही चार शहाणपणाच्या गोष्टी सांग.

बाबांचा खोकला आहे तसाच. त्या दवाखान्यात वाफ आणि इंजेक्शन मिळतं म्हणून ते अजून घरचा जिना चढतात. तो बंद पडला तर पुढचा दवाखाना दोन बस बदलून आहे.

तुझी धाकटी,
चिमणी


१७ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंखे मी मागच्या वर्षी विकले, सध्या गाद्या विकतोय. तुमच्या जावईवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांग.

आता कामाचं. दहा मागण्या मांडल्या की लोकांच्या एकही लक्षात राहत नाही. दवाखाना चालू ठेवा, एवढंच म्हणा. गटाराचं नंतर बघू. एक चेहरा निवडा. अमुक हजार रुग्ण असं छापलंत तर कुणाच्या पोटात तुटत नाही, एका माणसाकडे बघून तुटतं. त्याच्याखाली एकच वाक्य टाका आणि ते सगळ्यांच्या तोंडी एकसारखं असू द्या. चेहरा एकदा ठरला की बदलायचा नाही. हे काकूंना नीट बजाव. दर आठवड्याला नवा चेहरा म्हणजे रोज नवा पाहुणा, कुणाशीच ओळख होत नाही. उद्या मी स्वतः बदला म्हणालो तरी माझं ऐकू नका.

वाक्य मी पाठवतो. बाबांना सांग, कामातून मान वर काढायला फुरसत नाही म्हणून त्यांना वेगळं लिहीत नाही.

तुझा दादा


३० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

समितीनं चेहरा निवडला. बाबांचा. मी नको म्हणत होते, पण ते स्वतःच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि फोटोवाल्याला उजेड कुठून घ्यावा हे शिकवलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेला, आता स्वतः छापून येणार म्हणून खुशीत आहेत.

हे पुढचं तुझ्यापाशीच ठेव. काल डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं की हा साधा खोकला नाही. फुप्फुसं गेली आहेत. पुढचा हिवाळा ते बघतील असं वाटत नाही. मी बाहेर आले तेव्हा बाबा कंपाउंडरशी कसल्याशा गोष्टीवर हसत होते. मला त्यांना सांगवलं नाही, आणि सांगणारही नाही. आपल्या दोघांतच राहू दे. दादा, मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवते.

चिमणी


६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. बाबांना सांगायचं नाही, हे तुझं बरोबर आहे. मी पुढच्या महिन्यात रजा काढतो.

रडता रडताच एक वाक्य सुचलं, आणि इतकं खरं मी आजवर लिहिलेलं नाही. ‘पुढच्या हिवाळ्यात या खुर्चीवरचा माणूस नसेल. दवाखाना तरी असेल का?’ छपाईला उशीर नको म्हणून थेट काकूंना पाठवलं आहे. त्यांना बाबांच्या आजाराबद्दल काही लिहिलं नाही. फक्त बाबांचा फोटो वगळून तिथे रिकामी खुर्ची छापा, असं सांगितलं आहे. तेव्हा तू निश्चिंत राहा.

तुझा दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून मी निश्चिंत राहिले. काकूंनी फोटो बदलला नाही. चेहरा बदलायचा नाही, अगदी तू म्हणालास तरी ऐकायचं नाही, हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. तू परीक्षा घेतोयस असं समजून त्यांनी खुर्चीवर बाबांना तसंच ठेवलं आणि खाली तुझं वाक्य छापलं. बाजारापासून बसथांब्यापर्यंत सगळीकडे लागलं आहे.

बाबांच्या वाटेत छापील कागद आला की ते थांबतातच, हे तुला माहीत आहे. पहिल्याच सकाळी फिरायला गेले ते लगेच परतले. चप्पल काढायची विसरून आत येऊन बसले. हे डॉक्टर बोलले की दादानं रचलं, एवढंच त्यांनी मला विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी उठून माझ्या घरच्या शिवणाच्या मशीनवर झाकण घातलं, आणि पाळीला अवकाश असूनही मला कामावर जायला उशीर होतोय म्हणाले.

खरं कळल्यावर काकू रडत आल्या, सगळे कागद आजच फाडते म्हणाल्या. बाबांनी त्यांना थांबवलं. आठवडाभरात तुझं वाक्य लोकांच्या तोंडी झालं. नगरपालिकेच्या दारात एवढी माणसं बसली की त्यांनी दवाखाना चालू ठेवायचा ठराव केला. आपण जिंकलो, दादा. गल्लीत पेढे वाटावेत की नाही, हे कुणाला समजत नाही. मला तर कुणावर राग काढावा हेही कळत नाही.

चिमणी


२७ फेब्रुवारी

चि. मोठ्यास,
अनेक आशीर्वाद.

चिमणी कामावर गेली आहे, म्हणून स्वस्थपणे लिहितो आहे. दुसऱ्यांचा मजकूर जुळवण्यात माझी हयात गेली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, कैक दुखवट्याचे मजकूर. स्वतःचा उभ्याउभ्या वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

वाक्य उत्तम आहे. जुळवायला मी असतो तरी त्यातला शब्द हलवला नसता. दवाखाना राहिला, कालच वाफ घेऊन आलो. लोक फार चांगले वागतात. न्हावी इतक्या हलक्या हातानं दाढी करतो की मीच त्याला धीर देतो.

राग नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तुम्ही दोघांनी मला जपण्यासाठी सांगायचं टाळलंत, आणि मला सोडून सगळ्या गावाला कळलं. मला भीती वाटते रे. ती बोलायला माणूस नाही. चिमणीपुढे विषय काढला की ती मशीन सुरू करते.

रजा पुढच्या महिन्यातली आहे म्हणे. जमलं तर अलीकडे घे. येताना माझ्यासाठी काही रचून, लिहून आणू नकोस. नुसता माझ्याजवळ येऊन बस.

लोभ आहेच. तो वाढवायला सवड थोडी आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझे बाबा