वरच्या झऱ्याचं पाणी

वरची वाडी, ता. पोलादपूर
दि. २६ फेब्रुवारी २००६

चि. भिकाजीस आबाजीचा आशीर्वाद. सौ. रंजिताला आणि पूनमलाही सांग.

इकडे सगळे जागेवर आहेत. आईचे गुडघे धरलेत, तोंड मात्र अजून मोकळं आहे. तुझ्या वहिनीने दोन्ही म्हशी काढून टाकल्या, पाजायला पाणीच उरलं नव्हतं. फोन केला की तू "बरं" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच.

कामाचं आधी. वाडीला सरकारी विहीर मंजूर झालीय. गेल्या आठवड्यात भूजल खात्याचे साहेब डोंगर फिरून गेले. पाणी लागेल अशी त्यांना एकच जागा दिसली, तुझ्या वाट्याचं खालचं खाचर. दहा मार्चच्या आत तुझं संमतिपत्र गेलं नाही, तर विहीर दुसऱ्या गावाला जाईल. कागद सोबत आहे. बाया ओढ्यात खड्डा करून वाटीवाटीने कळशी भरतात. आणखी एक उन्हाळा असा निघायचा नाही, तीन घरं तर आत्ताच खाली उतरायची भाषा करतायत.

तू म्हणशील, ज्या वाडीने सहा वर्षांमागे शिमग्याची पालखी माझ्या दारात थांबू दिली नाही, तिला मी जमीन का द्यावी? बरोबर आहे तुझं. म्हणूनच हे लिहायला बसलोय, नाहीतर नुसता कागद पाठवला असता.

साहेबांना मी वरचा झरा दाखवायला नेलं. विचारलं, "मागच्या जुलैत महाड बुडालं, दरडी आल्या, एवढा पाऊस झाला, तरी झरा पौषातच कसा आटला?" ते म्हणाले, "पाण्याला मुरायला वेळ लागतो. पूर्वी तुमच्याकडे रिपरिप असायची, ती कातळाच्या भेगांत उतरायची. आता महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो आणि सरळ सावित्रीला जातो." आपल्या लहानपणी झरा वैशाख अखेरपर्यंत धार धरायचा, आठवतं ना? मग तो चैत्रावर आला, मग फाल्गुनावर. तू झऱ्यावरची ऐनाची झाडं तोडायच्या आधीपासून तो मागे सरत होता. चार झाडांनी डोंगर सुकत नाही, असंही साहेब म्हणाले.

मग ते वाकले, भेगेत बोटं घातली आणि विचारलं, "इथे सुरुंग कुणी लावला?"

अर्धी वाडी उभी होती. कुणालाच काही कळेना. मी तंबाखू मळत राहिलो.

भिका, मी लावला.

रेल्वेच्या बोगद्यावर मी तीन वर्षं होतो. तिथे बार उडाला की कधीकधी कातळातून भसाभसा पाणी सुटायचं, काम थांबायचं, आम्ही वैतागायचो. मला वाटलं, आपल्या झऱ्याचं तोंड मोठं केलं की इथेही तसंच येईल. येताना सुरुंगाच्या दोन कांड्या लपवून आणल्या होत्या. पालखी अडवली त्याच वर्षी, शिमग्याच्या आधी चांगूच्या लग्नाला सगळी वाडी पोलादपूरला गेली, त्या दुपारी मी बार भरला. दोन तास मनगटाएवढी धार आली. मी एकटाच हसत बसलो होतो रे. संध्याकाळी ती करंगळीएवढी झाली आणि चार दिवसांत गेली. पाण्याने खालची भेग धरली, त्या वर्षी ते वर आलंच नाही, आणि तेव्हापासून पावसानंतर थोडे दिवसच येतं.

गावकी बसली तेव्हा तुळसाकाकी म्हणाली, "भिकाने ऐन तोडले म्हणून पाणी रुसलं, दुसरं काय नाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी थोरला ना. मी म्हटलं, "तसंच असंल." एवढंच बोललो, आणि तेवढ्यावर तुला वाळीत टाकलं. मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण भीती जास्त होती.

काल गावकी बोलावून सगळं सांगितलं. शिव्या पडल्या, त्या पडायच्याच होत्या. भिकाजीने सही दिली नाही तरी त्याला कुणी बोल लावायचा नाही, हे मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय.

आई भिंतीशी बसून ऐकत होती. घरी आल्यावर मी तिला पाण्याचा तांब्या दिला, तो तिने बाजूला सारला. "वाळीत टाकलेल्या भावाला दारातून परत धाडलास, नि मला पाणी देतोस? तुझ्या हातचं नको हाय मला." आज सकाळी काठी टेकत एकटीच ओढ्यावर गेली आणि पाव कळशी घेऊन आली. वाटेत दोनदा बसली. तुझ्या वहिनीलाही आई ती कळशी घेऊ देत नाही, कारण वहिनी माझ्या घरची.

कागद पोस्टाने पाठवलास तर वाडीचं भागेल. नाही पाठवलास तरी तुला बोल लावायला मी तोंड उघडणार नाही. पण तू ये. आईला पाणी द्यायला या घरात आता कुणी नाही.

खाली 'दादा' लिहीत नाही.

आबाजी