पस्तीस मीटरवरचा कागद

अल मनखूल, दुबई
३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
विभाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलून उपयोग नाही. तू नुसता हो हो म्हणतोस आणि दुसऱ्या दिवशी वहिनी मेसेज करतात की ह्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. म्हणून कुरियरने लिहिते आहे. इकडे आम्ही तसे बरे आहोत. सुरेशची फुजैऱ्याच्या टर्मिनलवर आठवडाभर ड्युटी असते, गुरुवारी संध्याकाळी घरी येतात. मी माझ्या अल क्वोजच्या ऑफिसात.

काळजी अस्मीची आहे. तुझी भाची ट्रॅप शूटिंगमध्ये हवेत सोडलेल्या पंचवीसपैकी बावीस-तेवीस मातीच्या चकत्या फोडायची, हे तुला माहीतच आहे. ऑगस्टपासून ती चौदा-पंधरावर आली आहे. परवा अकरा. दिल्लीची निवड चाचणी बावीस नोव्हेंबरला आहे आणि ह्या वर्षीच वयोगट संपतो, म्हणजे ज्युनिअरमध्ये हा शेवटचा चान्स. ती म्हणते, क्लबने काडतुसांची कंपनी बदलली, नवी काडतुसं बेकार आहेत. तिच्या कोच शहरबानू मॅडम हैदराबादच्या, फार सांभाळून बोलतात. त्या म्हणाल्या, इन्शाल्ला सब ठीक होगा, लेकिन सिर्फ कारतूस की बात नहीं लगती.

घरात ती बोलत नाही. विचारलं तर "आय डोन्ट वॉन्ट टु टॉक" म्हणून दार लावते. तू पस्तीस वर्षं पोलिसांच्या बंदुका दुरुस्त केल्यास. काडतुसांमुळे एवढा फरक पडतो का रे? लवकर कळव. वहिनींना नमस्कार. जीव टांगणीला लागला आहे, एवढं ओळख.

तुझी विभा

*

मिरज
९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विभास,
दगडूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. फरक पडतो, पण अकरापर्यंत पडत नाही. तरी पोरीच्या शब्दावर अविश्वास दाखवू नकोस. तिने काडतुसावर बोट ठेवले आहे ना, मग काडतूसच आधी तपासू. शिकारीचा हंगाम लागण्याआधी जुने शिकारी हेच करायचे: कागदावर बार टाकून छर्रे कसे पसरतात ते बघायचे.

चार फूट लांब, चार फूट रुंद कागद घ्या. मधोमध काळा ठिपका काढा. पस्तीस मीटरवर लावा. जुन्या काडतुसांचे तीन बार, नव्यांचे तीन, आणि तिसऱ्या कुठल्याही चांगल्या कंपनीचे तीन. प्रत्येक बाराला नवा कागद. अस्मीने नेहमीसारखी बंदूक खांद्याला लावून थेट ठिपक्यावर मारायचे. तीच बंदूक घेऊन मॅडमनी तीन कागद मारायचे. मग जिथे भोके सर्वांत दाट, तिथे तीस इंचाचे वर्तुळ काढून आतली भोके मोजायची. कोपऱ्यात तारीख, काडतूस, कोणी मारले ते लिहायचे. कागद मला पाठवा. फोटो नको, फोटोत भोक आणि डाग सारखेच दिसतात.

आणि कानाला मफ लावल्याशिवाय तू तिथे उभी राहू नकोस. तुझी वहिनी म्हणते तू फार बारीक झालीस. खात जा गं.

तुझा दगडू

*

अल मनखूल, दुबई
१९ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. आमच्या ऑफिसच्या वेअरहाऊसमध्ये सोफे गुंडाळायला जाडा खाकी कागद असतो. मैमुनाबी तिथलं पॅकिंग बघतात, त्यांनी काही न विचारता बारा तुकडे सरळ कापून दिले. शनिवारी सकाळी सातला क्लबवर पोचलो. ऊन चढलं की पायाखालची वाळू तापते, म्हणून शहरबानू मॅडमनी लवकर बोलावलं होतं.

अस्मी पहिल्यापासून चिडलेली. म्हणाली की मामाला काय माहीत, हे सगळं ओल्ड स्कूल आहे. तरी बंदूक उचलली. प्रत्येक बारानंतर मी आणि मॅडम कागद आणायला चालत जात होतो. ती मात्र एकदाही आली नाही. लांब बाकावर बसून उजवा डोळा चोळत होती. मी म्हटलं, धूळ गेली का, तर यल्ला मम्मा, चल, नेक्स्ट पेपर, म्हणाली.

घरी येऊन हॉलमध्ये कागद अंथरले. सुरेश आणि मी गुडघ्यांवर बसून स्केचपेनने एकेक भोक टिपत गेलो. जुनी काडतुसं: सरासरी दोनशे आठ. नवी: दोनशे दोन. तिसरी: दोनशे अकरा. सुरेश म्हणाले, एवढा फरक तर काहीच नाही, आणि अस्मीकडे बघितलं. ती आत गेली. रात्री जेवली नाही.

दादा, मला तिचं खोटं पकडायचं नव्हतं. मला वाटलं होतं काडतुसंच वाईट निघावीत. बाराही कागद गुंडाळी करून पाठवते आहे. नीट बघ, आमची काही चूक झाली असेल.

तुझी विभा

*

मिरज
२७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. विभास,
अनेक आशीर्वाद.

मोजण्यात चूक नाही. तिन्ही काडतुसे चांगली आहेत. पण तुम्ही वर्तुळात किती भोके ते पाहिले, वर्तुळ कुठे आहे ते पाहिले नाही. मी बाराही कागद अंगणात दोरीवर लावले. मॅडमच्या तिन्ही कागदांवर ठिपका वर्तुळाच्या मधोमध आहे. अस्मीच्या नऊच्या नऊ कागदांवर वर्तुळ ठिपक्याच्या डावीकडे सरकले आहे, जवळजवळ फूटभर. नऊच्या नऊ. हाताची चूक असती तर एक डावीकडे, एक खाली, एक वर असे झाले असते. बंदुकीची असती तर मॅडमचेही सरकले असते.

उजव्या खांद्याला बंदूक लावणारा माणूस उजव्या डोळ्याने नळीवरून बघतो. तो डोळा कमजोर झाला की डावा डोळा त्याच्या नकळत काम अंगावर घेतो आणि बार डावीकडे जातो. तिला हात लांब करून दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करायला सांग आणि त्यातून भिंतीवरचे घड्याळ बघू दे. मग एकेक डोळा मिटायचा. डावा मिटल्यावर घड्याळ गायब झाले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चाचणीनंतर बघू, असे करू नका.

तिला रागावू नकोस. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली तेव्हा चार वर्षे मी खात्याच्या मेडिकल तपासणीत अंदाजाने हो-नाही सांगत गेलो. मला हत्यारखान्यातून काढून टेबलाच्या कामावर बसवतील याची भीती होती. कोणालाच बोललो नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. आधी बोललो असतो तर एक कान तरी वाचला असता, असे डॉक्टर म्हणाले. हे तिला सांग. माझी लाज वाटून घेऊ नकोस, तिला सांग.

तार असती तर तार केली असती. वहिनीच्या मोबाईलवरून खिडकीचे तेवढे आजच कळवतो आहे, पत्र मागाहून येईल.

तुझा दगडू

*

अल मनखूल, दुबई
५ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

घड्याळ गायब झालं. तुझा मेसेज आला त्याच संध्याकाळी केलं. ती तशीच हात लांब धरून उभी राहिली आणि रडायला लागली. बावीस वर्षं इथे काढली, पण इतकं परकं मला कधी वाटलं नव्हतं, दादा. माझ्याच घरात माझी मुलगी महिनोन् महिने एका डोळ्याने जगत होती.

डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याचा समोरचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आहे. डाव्यातही सुरुवात आहे, अगदी थोडी. औषध घालून त्यावर विशिष्ट प्रकाश सोडतात, त्याने पडदा घट्ट होतो आणि आजार पुढे सरकायचा थांबतो. गेलेलं फारसं परत येत नाही, राहिलेलं राहतं. अठरा नोव्हेंबरची तारीख मिळाली आहे. ती सोडली तर थेट जानेवारी. केल्यावर काही आठवडे बंदुकीला हात लावायचा नाही.

चाचणी बावीसला. तूच सांग काय करू. सुरेश म्हणतात, सहा वर्षं पोरीने घाम गाळला आहे, एक चाचणी देऊ दे, जानेवारी काही लांब नाही. मी डॉक्टरांना विचारलं जानेवारीपर्यंत काय होईल. ते म्हणाले, कदाचित काही नाही, कदाचित बरंच काही. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं खलास, मी पासपोर्टच देणार नाही. अस्मीने ते ऐकलं. वीस वर्षांच्या मुलीला असं म्हणायला नको होतं.

तुझ्या कानाचं तिला सांगितलं. तिने पत्र मागून घेतलं आणि खोलीत घेऊन गेली.

देवासमोर बसते पण मन लागत नाही. आमच्यासाठी तूही थोडा वेळ बस.

तुझी विभा

*

अल मनखूल, दुबई
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,
सा. न. वि. वि. (आईला फुल फॉर्म विचारून लिहिलं आहे.)

माझं मराठी रायटिंग वाईट आहे, सॉरी. पण इंग्लिशमध्ये लिहिलं तर मामींना तुम्हाला वाचून दाखवावं लागेल आणि हे मला फक्त तुम्हाला सांगायचं आहे.

मला मे महिन्यापासून माहीत होतं. रात्री गाडीतून येताना सिग्नलचे दिवे उजव्या डोळ्याने पसरलेले दिसायचे, एकाचे तीन. क्लबच्या मेडिकलला मी लाइनमध्ये पुढच्या मुलीने वाचलेली अक्षरं पाठ केली आणि तशीच बोलले. काडतुसांचं पण मला माहीत होतं की ती ओके आहेत. तुम्ही कागद मागितले तेव्हा मला तुमचा खूप राग आला होता. मग तुमचं कानाचं वाचलं. चार वर्षं, हे मी परत परत वाचलं. मी अजून सहाच महिन्यांवर होते.

सोळा तारखेला मी कोणाला न सांगता टॅक्सीने क्लबवर गेले. शहरबानू मॅडमना म्हटलं, मला एक राउंड मारू द्या, मग मी ठरवते. पंचवीसमध्ये नऊ. शेवटच्या पाच चकत्या तर मला नीट दिसल्याच नाहीत, मी चकती सुटल्याच्या आवाजावर नुसते बार टाकले. मॅडम माझी बंदूक पुसत राहिल्या. मी तिथूनच दिल्लीला ईमेल केला की मी येत नाही. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती थँक गॉड म्हणेल असं वाटलं होतं. तिने मला धरून ठेवलं आणि तीच जास्त रडली. बाबा फुजैऱ्याहून ड्युटी अर्धी टाकून आले. अठराला ऑपरेशनच्या वेळी कॉरिडॉरमध्ये उभेच होते, बसले नाहीत, असं आई म्हणाली.

बावीस तारखेला मी दिवसभर खोलीत अंधार करून पडले होते. डोळा दुखत होता, पण त्यापेक्षा तिकडे कोण शूट करत असेल याचंच डोक्यात चालू होतं. ज्युनिअर संपलं, मामा. त्याचं काही होणार नाही. मला तुम्ही शाबास म्हणू नका, प्लीज, अजून नाही.

फेब्रुवारीत कडक लेन्स मिळेल. मॅडम म्हणतात तोपर्यंत डाव्या खांद्याची सवय कर. खिडकीच्या पडद्याची काठी बंदुकीसारखी डाव्या खांद्याला लावून मी आरशासमोर उभी राहते. चुकीच्या हाताने सही केल्यासारखं वाटतं. डावा डोळा पण दर सहा महिन्यांनी तपासायचा आहे आणि त्या दिवसाची मला आत्तापासून भीती वाटते.

आई रोज सकाळी विचारते, आज कसं दिसतंय. आधी मी नुसतं फाइन म्हणायचे. काल मी खरं सांगितलं, की मम्मा, परवापेक्षा आज जास्त धूसर आहे. तिचा पोळी लाटणारा हात थांबला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी असं कमी-जास्त होणार, तरी थांबला. मग तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, बरं, उद्या पण असंच सांग.

मामा, तुम्ही पण आता कमी ऐकू आलं की हो हो म्हणू नका. मी मोठ्याने परत बोलेन.

तुमची,
अस्मी