पर्लकोटेत बुडालेली गाडी

१२ जानेवारी २०२५, अहेरी

भंगार म्हणे!

दुपारी अमर टेम्पो घेऊन दारात. बहिणीचा मुलगा, भामरागडला शिक्षक. टेम्पोत त्याची ती दोनशे सीसीची स्पोर्ट गाडी. जुलैच्या पुरात दोन दिवस पर्लकोटा नदीच्या पाण्याखाली होती, मग सहा महिने तशीच पडून. आता तिला गाडी म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. गाळाचा ढीग, त्याला दोन चाकं.

"मावशी, तिकडे भंगारवाला येत नाई. इथी आला का देऊन टाकजो."

"देणार नाही. मी ठेवते."

"ठेव ना! तुयीच समज. चूल मांडजो तिच्यावर." हसला, पाच पोळ्या खाल्ल्या, गेला.

एकतीस वर्षं मी एसटी डेपोच्या स्टोअरमध्ये काढली. पिस्टनपासून स्प्लिट पिनपर्यंत सगळं माझ्या हातून गेलं. मेकॅनिक मागायचे, मी द्यायची, कार्डावर नोंद करायची. स्वतःच्या हातानं एक नट आवळला नाही! "बाई, साडी खराब होईल." माझ्या साडीची एवढी काळजी माझ्या आईनंही केली नव्हती.

१५ जानेवारी

एअर फिल्टर उघडला. आत वाळलेला झिंगा. शेजारच्या मनसारामला दाखवला. तो तलावावर मासोळी धरतो, त्याला जात कळते.

"पर्लकोटेचाच हाय बाई. पण रश्शाले कमी पडन."

२६ जानेवारी

झेंडावंदन करून अयूबभाई आले. डेपोचे हेडमेकॅनिक, माझ्या आधी वर्षभर निवृत्त. अंगणात पसरलेली गाडी बघून कपाळाला हात.

"बाई, हे इंजन नाई, बांधी आहे. धान लावा याच्यात."

मी म्हटलं, बसा खुर्चीवर. तोंडानं काय सांगायचं ते सांगा. हात लावाल तर हात मोडीन.

"मंग मी काऊन आलो?"

"एकतीस वर्षं मी जशी बसले तसं बसायला."

बसले बिचारे. हाताला खाज सुटली होती माणसाच्या, दिसत होतं. मी बोल्ट उलट्या बाजूला फिरवत होते तेव्हा तर डोळेच मिटून घेतले. पण हात लावला नाही. चांगला माणूस आहे. हे त्यांना कधी सांगणार नाही.

२ फेब्रुवारी

नखं गेली. सगळी. मजा येते आहे!

९ फेब्रुवारी

आज जे झालं ते तपशीलवार लिहिते.

काल क्रँकचं नवं बेअरिंग केसिंगमध्ये बसेना. मी हातोडी उचलली तर अयूबभाई खुर्चीतून ओरडले, "या अल्ला, बाई, ठोकू नका! थंड-गरम करा." म्हणजे बेअरिंग फ्रिजरमध्ये आणि केसिंग गरम. स्टोअरमध्ये मी हजारो बेअरिंगं दिली, पण ती कशी बसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. (त्याचा दोष कुणावर घालू? घालीन कुणावर तरी.)

रात्रभर बेअरिंग मटाराच्या पिशवीशेजारी. सकाळी केसिंग तव्यावर, मंद आचेवर. थुंकी टाकली की चर्र व्हायला हवं, असं अयूबभाईंचं माप. टाकली. चर्र झालं. चिमट्यानं बेअरिंग उचललं, वर धरलं, सोडलं.

टक्.

स्वतःहून बसलं! ढकलावंसुद्धा लागलं नाही. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. अयूबभाई ओसरीवरून, "बैठा क्या? बैठा क्या?" मी सावकाश बाहेर गेले, पदराला हात पुसले, म्हटलं, "बसणारच. त्यात काय."

२३ फेब्रुवारी

चालू झाली!!

चौथ्यांदा बटण दाबलं तेव्हा. आधी खोकली, मग सायलेन्सरमधून तपकिरी पाण्याची गुळणी टाकली, ती बरोबर अयूबभाईंच्या पांढऱ्या कुर्त्यावर. मग असा आवाज सुरू झाला की मनसारामची बकरी दावं तोडून पळाली. त्याची बायको प्रेमिला धावत आली, "काय फुटलं बाई?" मी रडत होते. लिहून ठेवते, कारण उद्या नाकबूल करीन.

२४ फेब्रुवारी

मोठी फजिती.

आज पहिल्यांदा गाडीवर बसले. पाय लोंबकळले! दोन्ही! जमीन चार बोटं खाली. दीड महिना एकेक स्क्रू मोजला आणि स्वतःची उंची मोजली नाही. चार फूट अकरा इंच, एकसष्ट वर्षांपासून माझ्याजवळच आहे.

अयूबभाई हसून हसून खाली बसले. त्यांची बायको अख्तरीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या जन्मभर ट्रकच्या सीटा शिवतात. टेप काढली, माझं माप ब्लाऊजला घेतात तसं घेतलं. "नीलिमाबाई, गद्दी काटना पडेगा. तुमच्यासाठी बनवू का दुनियेसाठी?"

"माझ्यासाठी."

"मंग झालं."

३ मार्च

सीट दोन इंच खाली. मागचा शॉकअप उतरवला, पुढचे फोर्क वर सरकवले. क्लच-ब्रेकच्या दांड्या माझ्या बोटांपर्यंत आणल्या, पायदाण्या पुढे-वर घेतल्या. आज दोन्ही टाचा जमिनीवर! राणीसारखी बसले दहा मिनिटं. गाडी बंदच होती. तरीही.

शिकाऊ परवानाही काढला. डॉक्टरनं विचारलं, "या वयात गिअरची गाडी कशासाठी?" म्हटलं, तुमच्या दवाखान्यापासून लवकर लांब जाता यावं म्हणून.

६ मार्च

रंगकामाला सुरुवात. मोरपंखी. सगळे म्हणतात काळा घ्या, वर लाल पट्टे, स्टिकर. मला स्टिकर नको. मला गाडी हवी आहे, जाहिरात नको.

फेअरिंगची, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाची, आतली बाजूसुद्धा घासली, प्रायमर दिला. अयूबभाईंचे रोजे सुरू आहेत, त्यामुळे जीभ जरा जास्तच तिखट. "आतून कोण पाहीन?" शाळेत सिस्टर बर्नडेट भरतकाम हातात घेतलं की आधी उलटं करायच्या. उलटी बाजू घाणेरडी असेल तर सुलटीकडे बघायच्याच नाहीत, सरळ उसवायला लावायच्या. मी त्यांचा फार राग राग केला. आता त्या बसल्या आहेत माझ्या मनगटात.

८ मार्च

सत्यानाश!

टाकीवर शेवटचा हात दिला, लॅकरचा. आरशासारखी चमकली. हात धुवायला आत गेले. बाहेर येते तर टाकीवर काळ्या पाकळ्या. राख! कुंपणापलीकडे मोहाच्या झाडाखाली प्रेमिलानं पाला पेटवला होता. मोह पडायचे दिवस. खालचा पाला जाळून जागा साफ केली की फुलं वेचायला सोपी. दरवर्षी जाळते. मला दरवर्षी माहीत असतं. पण या वर्षी माझी टाकी ओली होती ना!

फार बोलले मी. फारच. ती शांतपणे म्हणाली, "पाला जाळल्याबिगर मोह दिसते का बाई? पंधरा दिवसाची कमाई हाय माई. तुमची तं हाऊस हाय." आणि गेली.

हौस. शब्द दिवसभर दातात अडकला आहे.

९ मार्च

प्रेमिला बोलत नाही. टाकी पुन्हा घासली, पाण्याच्या पॉलिश पेपरनं, उघड्या रंगापर्यंत. चूक माझी आहे. पण आधी बोलणार नाही.

१० मार्च

आधी बोलले. पहाटे खराटा घेऊन मोहाखाली गेले आणि पाला झाडायला लागले. अर्ध्या तासात कंबर गेली. प्रेमिला कुंपणाशी उभी राहून बघत होती. शेवटी, "खराट्यानं फुलंही जाते बाई. ऱ्हाऊ द्या." मग नवऱ्याला हाक मारली, "अवो, ते जुनं जाळं आणा ना!"

मनसारामनं फाटकं जाळं आणलं. आम्ही तिघांनी ते झाडाखाली चार खुंटांना हातभर उंच ताणून बांधलं. मोह जाळ्यात, पाला काय करायचा ते करो खाली.

११ मार्च

जाळ्यात अडीच पायली फुलं, एकाला माती नाही! प्रेमिलानं वाटीभर आणून दिली. आग नाही, राख नाही. "तुमच्या टाकीपायी माई कंबर वाचली," म्हणाली. मी म्हटलं, त्या दिवशीचं बोलणं मी मागे घेते. ती म्हणाली, "घ्या. लई जागा लागन ठेवाले."

१६ मार्च

धुळवड आटोपली, गाडीवर एक थेंब नाही. (दोन दिवस खाटेखाली झोपवली होती. टाकी, गाडी नव्हे.) आज लॅकर वाळला. सगळं जोडलं. अंगणात उभी केली तर सकाळच्या उन्हात निळी, वळून पाहिलं तर हिरवी. अयूबभाईंच्या मुलीनं, शगुफ्तानं, फोटो काढून स्टेटसला लावला. अयूबभाई चारी बाजूंनी फिरले, वाकले, फेअरिंगच्या आत बोट फिरवलं. बोट बघितलं, मान हलवली.

हे मला पेन्शनपेक्षा मोठं.

१८ मार्च

अमरचा फोन. स्टेटस फिरत फिरत भामरागडला पोचला.

"मावशी! काय भारी बनवली! मी पाडव्याले येतो न्याले."

न्याले!

मी म्हटलं, तू म्हणाला होतास माझीच समज. तो म्हणाला, "तवा भंगार होती ना मावशी. आता तं गाडी हाय. पेट्रोलचं, सामानाचं काय लागलं ते देतो." वाईट नाही तो. त्याला खरंच वाटतं की फरक फक्त सामानाचा आहे.

अयूबभाईंना विचारलं. "आरसीवर नाव त्याचं. कायद्यानं गाडी त्याची." मला कायदा शिकवू नका म्हटलं. पण कायदा मलाच जास्त येतो. एकतीस वर्षं कागदाशिवाय वॉशरही दिलं नाही मी कुणाला.

२० मार्च

ठरवलं. जशी दिली तशी परत देईन. उघडून, ढीग करून. गाळही आणवते मनसारामकडून, दोन घमेली.

२१ मार्च

स्पॅनर घेऊन बसले. पहिला बोल्ट सैल केला. पुन्हा आवळला. मला नाही जमत. त्या बेअरिंगला कसं सांगू की बाहेर ये?

२३ मार्च

पहाटे बाजाराच्या मैदानावर काय झालं ते इथेसुद्धा लिहीत नाही. गुडघ्याला मलम लावलं. गाडीला काही झालं नाही, ती माझ्यावर पडली.

२७ मार्च

तिसरा गिअर!!! अयूबभाई उपाशीपोटी मागे धावत, "क्लच, बाई, क्लच!" जाऊ दे, पाडव्यापर्यंतच माझी, चार दिवस तर चार दिवस.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. दहाच्या बसनं अमर आला. नवा शर्ट, हातात हेल्मेट. मी किल्ली पुढे केली. भांडण नाही केलं.

सगळे जमले होते. अमर गाडीभोवती फिरला, "बापरे, मावशी," म्हणाला, आणि बसला.

अमर सहा फूट एक इंच.

गुडघे हँडलच्या वर आले. अक्षरशः वर! पायदाण्यांवर पाय ठेवले तर गुडघे कोपरांना. हँडल वळवलं, डाव्या मांडीला अडकलं. दुसरीकडे वळवलं, उजव्या मांडीला. मधेच हॉर्न वाजला, तो गुडघ्यानं. प्रेमिला पदर तोंडात कोंबून भिंतीआड गेली. मनसाराम म्हणाला, "गुरुजी, खेकडा दिसून राह्यले तुमी!"

अमरनं तरी चालू केली. अंगणातून फाटकापर्यंत गेला, वळता येईना, पाय टेकत टेकत उलटा आला. उतरला. घाम पुसला.

"मावशी, सीट वर घेता येईन ना?"

अख्तरीबाई उद्याच्या ईदचा शीरखुर्मा सोडून आल्या होत्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "येईन. मंग दांड्या बदला, शॉकअप बदला, फोर्क बदला, पायदान बदला. मंग रंग तेवढा उरन. तो घेऊन जा."

अमर पुन्हा गाडीभोवती फिरला. फेअरिंगच्या आत डोकावला. का कोण जाणे, तिथेच जास्त वेळ. मग म्हणाला, "एवढं सगळं तू केलं? हातानं?"

"नाही, पायानं."

"हे माई गाडी नाई राह्यली मावशी." आणि पायरीवर बसून पुरणपोळी मागितली. चार खाल्ल्या. तेल लागलेल्या बोटांनीच हस्तांतराच्या फॉर्मवर सही केली. फॉर्म माझ्याकडे होताच. स्टोअरकीपर आहे मी.

३१ मार्च

अमरला बसस्टँडवर सोडून आले. नियमानं शिकाऊच्या मागे बसणारा परवानावालाच लागतो, तसा अमर आहे, म्हणून तो मागे बसला. रस्ताभर माझ्या खांद्याला धरून ओरडत होता, "मावशी, हळू!"