आईच्या समाधीवरचं लॉन

केडगाव,
ता. १२ जून २०२२

चि. मालन हिस राधाकृष्णदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

पाकीट पाहून हसशील. पण फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तू काय बोललीस ते मला दुसऱ्या दिवशी सुनेकडून कळतं. निकिता तुझं अर्ध्या तासाचं बोलणं तीन शब्दांत आटपते. म्हणून हे पत्र.

निवृत्त होऊन दादा दिवसभर करतो काय, असं तू तिला विचारलंस म्हणे. लॉन करतो. बारा वर्षं झाली, पावसाळ्यात एका आठवड्याची कापणी चुकवली नाही. पहिली दोन वर्षं गल्ली हसली. आता बघ, सगळीकडे धूळ उडते, माझ्या दारात उडत नाही. मे महिन्यात शेजारच्यांचं अंगण पायाला चटके देतं, आमच्याकडे अनवाणी फिरता येतं. पावसाचं पाणी गटारात न जाता जागेवर मुरतं. बोअर मार्चमध्ये आटायचं, ते आता मे काढतं. हे एका वर्षात होत नाही बाई. नेमाने करत राहिलं की जमीन आपणहून परत देऊ लागते.

आता मुद्द्याचं. श्रावणात आईचं वर्षश्राद्ध. तुझ्या बांधाशी तिची समाधी आहे, तिथे नुसते काटे माजलेत. मी पोत्यांत लॉनचे गड्डे घेऊन येतो आणि चारी बाजूंनी लावून देतो. दर पंधरा दिवसांनी स्वतः येऊन कापीन. आईसाठी मी काही केलं नाही, हे तू बोलून दाखवत नाहीस, पण मला ऐकू येतं. त्याला यंत्र लागत नाही.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर हरकत नाही.

तुझा दादा,
राधाकृष्ण


मिरजगाव,
ता. २४ जून २०२२

ती. दादास मालनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचून हसले नाही, कपाळाला हात लावला. अरे, तू लावतोस ती हराळीच की! पातं बारीक असेल, नाव इंग्रजी असेल, पण हराळीला सूटबूट घातला म्हणून ती कुणी दुसरी होत नाही. बाबांची कंबर हराळी खणण्यात गेली. आई मरेपर्यंत चालताना वाकून एखादी मुळी उपटायची. आणि तू तीच तिच्या उशाशी लावणार, वर पाणी घालणार! शहरात राहून माणूस शिकतो म्हणतात, ते असं.

थट्टा राहू दे. समाधीला लागूनच माझी लिंबं आहेत, चाळीस झाडं, दोन वर्षांची. सुनील दर आठवड्याला म्हणतो, की आई, जमीन वाट्याने दे आणि केडगावला माझ्या खोलीवर ये. मी त्याला शब्द दिलाय, की चौथ्या वर्षी लिंबं धरली तर मी इथेच राहीन, माझं मी कमावून खाईन. नाही धरली तर तू म्हणशील तिथे येईन. पोटचा पोर असला तरी त्याच्या खोलीत खाट टाकून पडायचं माझ्या जिवावर येतं रे. माझं म्हातारपण या चाळीस झाडांवर आहे, हे ध्यानात ठेव.

तरी लाव. आईचं नाव काढलंस, तिथे माझी जीभ अडते. फक्त पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. शेजारच्या रानातले गनीभाई म्हणाले, की बाई, भावाला न्हाई म्हन, ते गवत लई बेइमान हाय. मी म्हटलं, गवताचं जाऊ द्या, भाऊ बेइमान नाही.

गुडघ्याला जप. आहेस तसा आम्हांवर लोभ ठेव.

तुझी,
मालन


केडगाव,
ता. ८ जानेवारी २०२३

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

दिवाळीनंतर येणं झालं नाही, रागावू नकोस. पाच वेळा आलो, ते तरी मोजशील ना? गुडघा सुजलाय. शिवाय थंडीत इकडचं लॉन पिवळं पडतं, त्याला सोडून निघवत नाही. दीड तास जायला, दीड तास यायला, आणि मध्ये पाणी चुकलं की बारा वर्षांची मेहनत वाया.

तोवर तू एवढं कर. कापताना पात्याचा वरचा तिसरा हिस्साच काढायचा, मुळाशी भादरायचं नाही. महिन्यातून दोनदा कडेने वीतभर चर घ्यायचा, म्हणजे धावत्या मुळ्या हद्दीबाहेर जात नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे. मनावर घेतलंस तर सहज जमेल. लोकांना लॉन आवडतं, निगा आवडत नाही, हेच मी इथे सगळ्यांना सांगत असतो.

कळावे. मनात राग धरू नये.

राधाकृष्ण


मिरजगाव,
ता. २० मे २०२३

ती. दादास सा. न. वि. वि.

लोकांना निगा आवडते की नाही माहीत नाही, पण तुझं लॉन त्यांना फार आवडतं. रस्त्यावरचे गाड्या थांबवून फोटो काढतात.

तुझी अर्ध्या तासाची कामं मी करून पाहिली. आठवड्यातून चार दिवस वीज पहाटे येते, ती संपेपर्यंत पाणी धरायचं, मग कांदा, मग गुरं, मग तुझ्या आईची आणि माझ्याही आईची समाधी. एप्रिलमध्ये आठ दिवस तापाने पडले. उठून बघते तर तुझ्या गवताने चर ओलांडलेला. लिंबाच्या पहिल्या रांगेपासून ते आता चार हातांवर आहे.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. एक दिवस ये आणि तू लावलंस ते तुझ्या हाताने काढून ने. समाधी उघडी राहिली तर आई काही म्हणणार नाही. ती उन्हातच वावरलेली बाई होती.

वाट बघते.

मालन


केडगाव,
ता. ३ सप्टेंबर २०२३

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

काल येऊन गेलो! तू बाजाराला गेली होतीस, चुकामूक झाली. मशीन गाडीत टाकून नेलं होतं. तू म्हणालीस तसं सगळं काढून टाकायला मन धजेना, इतकं सुरेख जमलंय ते. पण तुझी काळजी मिटवली. चारही बाजूंनी कड अशी सरळ केली, की दोरी धरून बघ. बांधाकडे धावलेल्या मुळ्या खणल्या, त्याच तीन पोती भरल्या.

आता गंमत ऐक. आमच्याकडे कापलेलं गवत मी कधी फेकत नाही, लॉनवरच पसरतो, ते कुजून खत होतं. वर्षानुवर्षं नेमाने केलं की बाहेरचं खत विकत आणावंच लागत नाही. म्हटलं, या तीन पोत्यांवर पहिला हक्क माझ्या बहिणीच्या लिंबांचा. तेव्हा झाडागणिक आळ्यात पसरून दिली, ठिबकच्या नळीखाली नीट दाबून. ओल धरून राहील. चाळीसच्या चाळीस झाडं, एकट्याने, या गुडघ्याने.

मग आईपाशी बसलो घटकाभर. फार बरं वाटलं. आता फळ धरलं की पहिली करंडी मला.

तुझा,
दादा


केडगाव,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास मालनचा नमस्कार वि. वि.

वर गावाचं नाव चुकलेलं नाही. संक्रांतीपासून मी इथेच आहे, सुनीलच्या खोलीवर, तुझ्या बंगल्यापासून चार गल्ल्या. निकिताला माहीत आहे. तिने तुला सांगितलं नसेल तर तिचे तीन शब्द संपले असतील.

दीड वर्ष मी लिहिलं नाही. बसले असते तर शिव्या लिहिल्या असत्या, आणि आईने आपल्याला तसं वाढवलं नाही. तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत लिंबं कशी आहेत, असं विचारलंस. सांगते.

त्या दिवशी बाजाराहून आले तेव्हा चाळीस आळी भरलेली दिसली. मला वाटलं, माझ्या भावाने काडीकचरा घालून झाडं झाकली. तुझ्या नावाने हात जोडले. चार दिवसांनी पत्र आलं, तोवर पाऊस झाला होता आणि नळीखालच्या एकेका पेराला कोंब आले होते. दादा, हराळी कुजत नाही. वीतभर तुकडा ओलीत पडला की तो झाड होतो, हे मिरजगावच्या शेंबड्या पोराला कळतं. तू त्याच घरात वाढलास.

मी खणत सुटले. लिंबाच्या मुळ्या वरच असतात, कुदळ हराळीला लागायची त्याच्या आधी त्यांना लागायची. खणलं नाही तर पाणी हराळी प्यायची. सुनीलने औषध मारून पाहिलं, तर कोवळी खोडं भाजली. मिरगाच्या आत सात झाडं गेली, दिवाळीपर्यंत एकोणीस. राहिली त्यांनी फूल दाखवलं, फळ नाही. चौथं वर्ष संपलं. सुनील एका शब्दाने बोलला नाही, पण शब्द माझा मीच दिलेला होता. जमीन गनीभाईंना वाट्याने दिली. त्यांनी ट्रॅक्टर घातला तेव्हा मी घरात बसून राहिले.

समाधीवरचं लॉन मात्र झकास आहे.

तुला वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. तू मुद्दाम केलं नाहीस, तेही माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर मला तुझ्याशी भांडता आलं असतं. आता कुणाशी भांडू? मी म्हटलं होतं काढून ने. तू ऐकलंस ते फक्त तुझ्या गवताचं.

हे सगळं पोटात ठेवून इथे गप्प राहणार होते. पण परवा निकिता सुनीलला भाजीच्या गाड्यापाशी भेटली. म्हणाली, की मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, लॉनमध्ये तण फार झालंय, खुरपायला बाई मिळत नाही. आत्या दिवसभर रिकाम्याच असतात, त्यांचा हातखंडा आहे, येतील का, रोजाचं काय ते देऊ. सुनील लाल होऊन घरी आला. मी त्याला शांत केलं. पोरीला काही माहीत नाही, आणि माझा हातखंडा आहे हे खरंच आहे.

येते मी. सोमवारी सकाळी आठ वाजता. रोजाचे पैसे नकोत. पण आधीच सांगून ठेवते, नंतर बोल नको. या हातांनी दीड वर्ष एकच काम केलंय. हराळी दिसली की बोटं मुळापर्यंत जातात, आणि मुळी हातात आल्याशिवाय थांबत नाहीत. त्यात तुझं लॉन कुठलं आणि तण कुठलं, हे त्यांना सांगायला मला जमणार नाही.

लोभाचं या वेळी लिहीत नाही. चालणार असेल तर फाटकाला कडी लावू नकोस.

तुझी बहीण,
मालन