विरळ होते

दि. ९ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे, खोकला गेला. तू विणलेला स्वेटर दंडाला जरा घट्ट होतो, पण घालतो. दाजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, आता तरी पोती उचलणं सोडा. तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तराला वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण वेळ होता. हा चौथा कागद आहे. आधीच्या तिन्हींत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, तरी फाडले.

आधी चांगली बातमी. विज्ञान केंद्राच्या नव्या दालनातली मोठी भिंत मी लिहिली. वीस फूट लांब, काळसर निळी, त्यावर पांढरी अक्षरं. मथळा असा आहे: ‘ताऱ्यांची ऊर्जा जाते कुठे?’ मथळ्याचं अक्षर वीतभर, खालच्या मजकुराचं चार बोटं. सुतळीला खडू चोळून ओळी मारल्या आणि शिरोरेघ नेहमीप्रमाणे शेवटी, एका दमात. ‘ऊर्जा’तला ऊ दीर्घ आहे, आणि तो दाराशी उभं राहिलं तरी दीर्घच दिसतो. स्वतःच्या कामाबद्दल असं लिहू नये, पण तुला नाही तर कुणाला लिहू?

मजकूर टाइप केलेल्या कागदावर आला होता. शेवटची ओळ होती, ‘हा प्रकाश दूरदूर पसरत जातो आणि त्याची ऊर्जा विरते.’ मी ‘ऊर्जा’पर्यंत आलो आणि हात थांबला. वरच्याच परिच्छेदात मी स्वतः लिहिलं होतं की ऊर्जा नष्ट होत नाही. मग ती विरते कशी? धुकं विरतं, ते नंतर नसतं.

आमचा मुकादम खाली शिडी धरून उभा होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, “मास्तर, तुझं काम लिहायचं. वाचायला लोक येणार आहेत.” तो मला मास्तर म्हणतो ते कौतुकाने नव्हे. तरी मी ब्रश धुतला आणि खाली उतरलो. एवढं धाडस मी कधी केलेलं तुला आठवतं का? मला तरी आठवत नाही.

मजकूर लिहिणाऱ्या बाई ताऱ्यांवर संशोधन करतात. त्यांच्या दाराबाहेर मी इतका वेळ उभा राहिलो की शिपायाने दोनदा विचारलं, पाणी हवंय का. शेवटी आत गेलो आणि कागदावर बोट ठेवलं. बाईंनी कपाटातून आपलं हस्ताक्षरातलं टिपण काढलं. त्यात होतं, ‘विरळ होते’. टाइप करताना मधली अक्षरं गळली आणि ‘विरते’ झालं. चार जणांनी तपासून खाली सह्या केल्या होत्या, त्यांत एक सही बाईंचीच. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

मग त्या माझ्याबरोबर भिंतीपाशी आल्या आणि मला सगळं समजावून सांगितलं. ताऱ्याचा बहुतेक प्रकाश कशावरच पडत नाही. निघतो तो निघतोच. थोडा वाटेतल्या धुळीवर पडतो, ती धूळ कोमट होते आणि तीच ऊब पुन्हा बाहेर टाकते, फक्त ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अगदी कणभर एखाद्या पानावर पडतो. उरलेला पसरत जातो, पातळ होत जातो. शिवाय सगळं विश्वच ताणलं जातंय, त्याबरोबर प्रकाशही ताणला जातो आणि दुबळा होतो. त्या ताणण्यात जे कमी होतं ते नेमकं कुठे गेलं, याला सरळ उत्तर नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्यासारखी शिकलेली बाई ‘सरळ उत्तर नाही’ असं म्हणते, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

मी विचारलं, म्हणजे बहुतेक प्रकाश वायाच गेला ना?

“वाया जायला तो कुणासाठी निघाला होता?” त्या म्हणाल्या.

मला तू आठवलीस. कारण तू कुणासाठी निघाली होतीस ते मला माहीत आहे.

‘विरळ होते’ला जागा जास्त लागते. मुकादम म्हणाला, दाबून बसव. मी म्हटलं, विरळ हा शब्द दाटीवाटीने कसा लिहायचा? अख्खा परिच्छेद पुसला आणि पुन्हा लिहिला. शिडी त्यानेच धरली, कुरकुरत का होईना.

नंतर बाईंनी विचारलं, शुद्धलेखन कुठे शिकलास? मी सांगितलं, ताईकडे. ती शिलाई मशीन चालवता चालवता शब्द सांगायची आणि मी खाली बसून लिहायचो. मी चुकलो की ती पायडल थांबवायची. मशीन थांबलं की मला कळायचं, कुठलीतरी वेलांटी चुकली.

मग त्यांनी विचारलं, शिक्षण किती?

ताई, मी दहावी पास नाही. भाषेच्या पेपरला बसलो. पहिलाच निबंध तीनदा तपासत राहिलो आणि वेळ संपली. गणिताच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. पुढच्या एकाही पेपरला गेलो नाही. तू विचारलंस तेव्हा पास झालो म्हणालो. तू शिवणाच्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलीस आणि मी इकडे कामाला निघून आलो. तू सातवीत शाळा सोडलीस ती माझ्यासाठी. सहा वर्षं हे एक वाक्य लिहायचं राहिलं होतं.

बाईंना मी खरं सांगितलं. ऐकून त्या रागावल्या नाहीत. केंद्रातले सगळे फलक तपासायला आणि लिहायला त्यांना कायमचा माणूस हवाय. नियमाप्रमाणे दहावी लागते. त्या शब्द टाकणार आहेत, होईलच असं नाही. अर्जात शिक्षणाच्या रकान्यात मी खरं तेच भरलं. ऑक्टोबरात परीक्षेला बसणार आहे, गणितासकट. भीती होती तेवढीच आहे, पण बसणार.

रविवारी सकाळी अकराला दालन उघडतंय. हे न सांगता बोलावलं असतं तर तू हसत आली असतीस. तसं मला नको होतं. रागावली असशील तर माझ्याशी बोलू नकोस, पण ये आणि भिंत वाच. अक्षर माझं आहे, पण त्यातला एकही ऱ्हस्व-दीर्घ माझा नाही, सगळे तुझे आहेत. लोक ते वाचतील आणि त्यांना एकही चूक सापडणार नाही.

तुझा भाऊ,
नववी पास